पाणी आलं कुठून?

हिमालयातल्या नद्यांच्या हिशोबात फेब्रुवारी हा सुस्त महिना. वर बर्फ साठत असतं, खाली नद्या अंग चोरून वाहत असतात आणि हिमवितळणीवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना मार्चनंतरच्या हंगामाची तयारी करायला जरा उसंत मिळते. त्यामुळे ७ फेब्रुवारी २०२१ च्या रविवारी, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातल्या रैणी गावाजवळून ऋषीगंगा गढूळ, राक्षसी लोंढा होऊन जातानाचे व्हिडिओ मोबाइलवर आले, तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडला तो, "हा २०१३ च्या केदारनाथचा आहे का?"

तो २०१३ चा नव्हता. तासाभरात आमच्या लॅबच्या सरांचा फोन आला. "देहरादूनलाच आहेस ना? लॅबला ये. वरून एकच विचारणा होतेय, पाणी आलं कुठून?"

माझं काम म्हणजे उपग्रहांच्या मदतीने बर्फाचा जमाखर्च मांडणं. किती भागावर बर्फ आहे, ते किती ऊन परत फेकतं, किती शोषतं आणि त्या शोषलेल्या उष्णतेतून किती पाणी सुटेल. ताजं, कोरं बर्फ आठ-नऊ दशांश ऊन परतवून लावतं. जुनं, धूळ बसलेलं बर्फ त्याहून बरंच जास्त पिऊन घेतं. डोंगरात पाण्याचा हिशोब आणि उष्णतेचा हिशोब वेगळे ठेवताच येत नाहीत. पण हा सगळा कारभार सूर्याच्या भरवशावर चालतो, आणि त्या दिवशी सूर्याकडे बोट दाखवायला काही जागाच नव्हती. दोन-तीन दिवसांपूर्वीच वर हिमवर्षाव झाला होता. थंडी होती. कागदावर मी उदार होऊन धरलं, की दर चौरस मीटरला १०० वॅट उष्णता अख्खे चोवीस तास बर्फात मुरली. तरी त्यातून दिवसभरात सुटणारं पाणी भरतं सुमारे २६ मिलिमीटर. फेब्रुवारीत, उत्तरेकडे तोंड करून सावलीत बसलेल्या उतारावर तर त्याचंही नाव नको. लोंढा काही मिनिटांत खाली आला होता. ते खातं तिथेच बंद केलं.

राहिलं तळं. टीव्हीवर एव्हाना 'हिमतलाव फुटला' सुरू झालं होतं आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. केदारनाथला जून २०१३ मध्ये चोराबारीचं तळं फुटलेलं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हिवाळ्याच्या प्रतिमेत तळं शोधायला जाऊ नये, गोठून वर बर्फ बसलं की ते आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळून जातं. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रतिमा उघडल्या. पावसाळा सरलेला, आकाश निरभ्र, तळी अजून उघडी. ऋषीगंगेचं खोरं आणि तिला मिळणारी रौंठी गाड, म्हणजे रौंठी नावाचा ओढा, वरपासून खालपर्यंत चाळली. डबकी म्हणावीत इतपत काही ठिपके दिसले, एवढा लोंढा देऊ शकेल असं तळं नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "नाही म्हणून चालणार नाही. मग आहे काय ते सांग."

आमचा एक क्षेत्र सहायक जोशीमठकडचा. सुट्टीचा दिवस असूनही येऊन बसला होता, त्याचे फोन लागत नव्हते. तो सारखा तोच व्हिडिओ मागे-पुढे करत होता. मला म्हणाला, "दीदी, पहले पानी नहीं है, पहले धूल है." खरंच. लोंढ्याच्या पुढे धुरळ्याचा ढग धावत येत होता. तळं फुटून येणारं पाणी अशी कोरडी धूळ उडवत येत नाही. इतक्या वेळात इतक्या जणांनी तो व्हिडिओ पाहिला होता, पण ही गोष्ट आधी बोलला तो हा मुलगा.

संध्याकाळपर्यंत प्लॅनेट कंपनीच्या छोट्या उपग्रहांनी त्याच सकाळी टिपलेल्या प्रतिमा हाती आल्या. इथे एक योगायोग सांगायलाच हवा. जमिनीकडे पाहणारे पुष्कळसे उपग्रह अशा कक्षेत फिरतात, की कुठल्याही जागेवरून ते साधारण सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. सावल्या बऱ्या असतात आणि डोंगरात ढग अजून चढलेले नसतात. घटना घडली होती १० वाजून २१ मिनिटांच्या आसपास. म्हणजे आभाळातले डोळे फिरायच्या वेळेलाच.

तीन-एक मीटरला एक ठिपका, एवढ्या बारकाईची ती प्रतिमा. रौंठी शिखराच्या उत्तर अंगावर आदल्या दिवशी अखंड पांढरा उतार होता. आता तिथे करड्या-काळ्या रंगाचा, कडा धारदार असलेला मोठा चट्टा होता. खाली दरीत धुरळा भरलेला, आणि नव्या बर्फावर धुळीचे पट्टे उतारावर वरपर्यंत चढलेले. कॅल्गरी विद्यापीठातले डॅन शुगर यांनीही त्याच सुमाराला अशाच प्रतिमांवरून हा कडा कोसळल्याचं जाहीरपणे दाखवलं. तो चट्टा बर्फाच्या तुटलेल्या कडेसारखा नव्हता. खाली उघडा खडक होता. डोंगराचाच एक भाग बर्फ डोक्यावर घेऊन निसटला होता.

आणि तरीही सरांचा प्रश्न जागच्या जागी. खडकात पाणी कुठलं?

मी पुन्हा कागद ओढला. चट्टा साधारण साडेपाच हजार मीटर उंचीवर. तिथून रैणीजवळच्या ऋषीगंगा जलविद्युत प्रकल्पापर्यंतचा उतार ३,४०० मीटरच्या घरात. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या प्रत्येक किलोमागे घर्षणातून फार तर ३३ किलोज्यूल उष्णता निघते. १ किलो बर्फ वितळायला लागतात ३३४. म्हणजे नुसतं बर्फ पडलं असतं तर त्याचा दहावा हिस्साच वितळला असता, बाकीचं बर्फच राहिलं असतं. पण बर्फासोबत दगड असेल तर? दगडाला वितळायचं नसतं. त्याच्या पडण्यातली उष्णता बर्फाच्या खात्यात जमा होऊ शकते. एका किलो बर्फामागे दहा-बारा किलो दगड धरला की आकडा ३३४ च्या पुढे जातो. वरवंट्याखाली सापडल्यासारखा बर्फाचा चुरा होत गेला आणि चुरा होता होता पाणी.

सरांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "दगडाचं प्रमाण तू सोयीने धरलंस का?" धरलं होतंच. चट्ट्याची खोली मोजल्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. म्हणून अहवालात 'शक्यता' एवढंच गेलं, तेही शेवटच्या परिच्छेदात. पुढे जून २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात शुगर आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर माल, त्यात आकारमानाने अंदाजे ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ. वजनात बसवलं तर १ किलो बर्फामागे साधारण १२ किलो खडक. नेमक्या याच मिश्रणामुळे जवळजवळ सगळं बर्फ वितळलं, असं त्यांचंही म्हणणं. तो परिच्छेद मी सहायकाला वाचून दाखवला.

७ फेब्रुवारीच्या त्या रात्री आईचा साताऱ्याहून फोन. "तुमचे उपग्रह आहेत ना वर, मग आधी कसं कळलं नाही गं?" तिला चिडून काहीतरी बोलले असते, पण खाली धौलीगंगेवरच्या तपोवन जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यांत माणसं अडकलेली होती. एका बोगद्यातून बारा जणांना आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या) जवानांनी त्याच दिवशी बाहेर काढलं. दुसऱ्यातले बहुतेक सापडले ते मृतदेह. एकूण २०० हून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, त्यात प्रकल्पांवरचे मजूर जास्त.

आईचा प्रश्न नंतर मोठमोठ्या बैठकांतही ऐकला, जरा जड शब्दांत. जुन्या प्रतिमा मागे लावून पाहिल्या तर त्या उतारावरची भेग काही वर्षांपासून रुंदावत असलेली दिसते, आणि शेजारच्या उतारावरून २०१६ मध्ये बर्फाचा मोठा भाग खाली आला होता, हेही दिसतं. पण हे कुठे पाहायचं ते ठाऊक झाल्यावर. हिमालयात अशा भेगा असंख्य आहेत. शिवाय त्या जागेवरची सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची पुढची फेरी १० फेब्रुवारीला होती, आणि लोंढ्याला धौलीगंगेपर्यंत यायला मिनिटं पुरली. भूकंपमापकांवर मात्र कडा पडल्याची नोंद त्या क्षणीच उमटली होती. माझ्या मते तपोवनच्या मजुरांना हवा होता तो वरच्या दरीत बसवलेला एखादा कंपनमापक आणि त्याला जोडलेला भोंगा. त्याचा खर्च आमच्या प्रतिमांच्या तुलनेत किरकोळ, पण बैठकीत तो विषय निघाला की कोणीतरी नवा उपग्रह कधी सुटतोय ते विचारतं.