कापलेली तिसरी पिन

मला बोलावलं होतं ॲम्प्लिफायरसाठी. सभागृहातला नेहमीचा ॲम्प खर्जाचा ठोका आला की बंद पडतो, प्रोटेक्टचा (स्वसंरक्षणाचा) लाल दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो आणि पुढच्या जोरदार ठोक्याला परत बसतो, अशी तक्रार होती. कार्यक्रम संध्याकाळी, फोन दुपारी. ‘याहून मोठा ॲम्प घेऊन या,’ असं व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. मी मल्टिमीटर, टेस्टर आणि केबलची पेटी घेतली, ॲम्प घेतला नाही. प्रोटेक्टला जाणारा ॲम्प बहुतेक वेळा धडधाकट असतो. आउटपुटला काहीतरी भलतं जोडलेलं असतं, नाहीतर त्याला हवा मिळत नसते. त्याच्या जागी दुसरा आणून ठेवला तर तोही त्याच कारणाने बसतो.

पण ॲम्पकडे वळायच्या आधीच वेगळंच काहीतरी समोर आलं. मी यंत्रांच्या रॅकच्या मागे वाकून बघत होतो, तेवढ्यात स्टेजवर गायिकेने झटक्यात मान मागे घेतली. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, हात तारांवर. “हा माइक चावतो,” त्या म्हणाल्या. “कालही चावत होता. फोमचं कव्हर घातलं की जाणवत नाही, तेच घालून घेते.” त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की माझ्या अंगावर काटा आला.

मी साउंडचेक तिथेच थांबवला. “ताई, गिटार सोडा आणि माइकपासून लांब व्हा. दोन्हींना एकदम हात लावू नका.” व्यवस्थापकांचं म्हणणं होतं की आधी बासचं बघा, माइकचं किरकोळ आहे. “सर, बासशिवाय कार्यक्रम होईल. माइकला करंट असताना मी कार्यक्रम होऊ देणार नाही,” मी म्हणालो. ते नाराज झाले, पण बाजूला झाले.

मीटर एसी व्होल्टवर घेतला. एक प्रोब गिटारच्या तारेला, दुसरा माइकच्या जाळीला लावला. आकडा आला 108. मुख्य पुरवठा 230 व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ निम्मा. हा निम्मा आकडा दिसला की अनुभवी माणूस एकच गोष्ट शोधायला लागतो: अर्थिंग कुठे तुटलंय? ॲम्प, मिक्सर, प्रोसेसर या सगळ्यांच्या आत मेन्सच्या (मुख्य पुरवठ्याच्या) तोंडाशी फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला जातो. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर त्यातून येणारी किंचित गळती गुपचूप जमिनीत जाते. अर्थ तुटला की बॉडी दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकते आणि निम्म्या व्होल्टेजवर येते. माइकची जाळी केबलच्या शील्डमधून, म्हणजे वायरींभोवतीच्या धातूच्या आवरणातून, मिक्सरच्या बॉडीला आणि तिथून ॲम्पच्या बॉडीला जोडलेली असते. गिटारच्या तारा मात्र गिटारच्या स्वतःच्या ॲम्पमधून अर्थला जोडलेल्या होत्या, कारण तो ॲम्प वेगळ्या, नीट सॉकेटवर होता. बोटं अर्थला आणि ओठ लटकत्या बॉडीला.

एका यंत्राची गळती थोडी असते, नुसती झिणझिणी येते. रॅकमध्ये चार-पाच यंत्रं असली की त्या सगळ्यांची बेरीज होते. पण मला भीती त्या झिणझिणीची नव्हती. उद्या एखाद्या यंत्राच्या आत फेजची वायर बॉडीला टेकली, तर अर्थ असताना एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडेल. अर्थ नसताना काहीच पडणार नाही. पुरे 230 व्होल्ट शांतपणे माइकच्या जाळीवर येऊन थांबतील आणि जो कोणी आधी स्पर्श करेल त्याची वाट बघतील.

मेन बंद करून वायर हाताने चाचपत गेलो. मिक्सर दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर होता, म्हणजे त्याच्याकडून अर्थ येण्याचा प्रश्नच नव्हता. रॅकला जाणाऱ्या एक्स्टेन्शनचा तीन पिनांचा प्लग काढून पाहिला तर मोठी पिन, म्हणजे अर्थची, नव्हती. तुटलेली नव्हती, झिजून पडलेलीही नव्हती. करवतीने मुळाशी कापून वरून कानस मारलेली होती. बोट फिरवलं तर कडा गुळगुळीत. कोणीतरी वेळ काढून, विचार करून हे काम केलं होतं.

तिथला ऑपरेटर मुलगा चांगला होता, कामसू होता. त्याने सरळ सांगितलं, “दादा, हे माझ्या आधीच्यांनी केलंय. पिन लावली की स्पीकर बॉक्समध्ये गुणगुण येते, म्हणून कापली म्हणे.” गुणगुण थांबली हे खरंच. अर्थ लूप, म्हणजे यंत्रांचे अर्थ आणि सिग्नलच्या केबली मिळून होणारं वर्तुळ, तोडला की गुणगुण थांबतेच. पण दोष होता तिथेच राहिला आणि सुरक्षा तेवढी गेली. आमच्या धंद्यात यासारखा राग मला दुसऱ्या कशाचाच येत नाही. मेन्सचा अर्थ कापणं हा गुणगुणीवरचा उपाय नाही, कधीही नाही, ‘तात्पुरता’ म्हणूनसुद्धा नाही.

धड एक्स्टेन्शन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घेतलं. फेज ते अर्थ 231, न्यूट्रल ते अर्थ 1 व्होल्ट. नुसत्या आकड्यावरून अर्थिंगची ताकद कळत नाही, म्हणून त्याने त्याच्या टेस्टरने अर्थच्या पूर्ण वाटेचा रोधही मोजला. स्टेजच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) होती. तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते याची खात्री केली. मग रॅक आणि मिक्सर दोन्ही एकाच पुरवठ्यावर, पुऱ्या तीन पिनांनी जोडले. गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यात आता मीटर जवळपास शून्य दाखवत होता.

आणि गुणगुण अर्थातच परत आली.

तिचं मूळ मिक्सरपासून ॲम्पपर्यंतच्या केबलमध्ये निघालं. मिक्सरच्या टोकाला साधा मोनो जॅक, ॲम्पच्या टोकाला एक्सएलआर (तीन पिनांचा प्लग) आणि एक्सएलआरच्या आत 1 आणि 3 नंबरच्या पिना एकमेकींना जोडलेल्या. असं केलं की शील्डच सिग्नलची परतीची वाट होते आणि दोन यंत्रांच्या बॉडींमधला जो काही फरक असेल तो थेट आवाजात मिसळतो. मिक्सरला बॅलन्स्ड (शील्ड वेगळं ठेवून सिग्नल दोन वायरींतून नेणारं) एक्सएलआर आउटपुट होतं, फक्त वापरात नव्हतं. 1 शील्ड, 2 हॉट, 3 कोल्ड अशी सरळ केबल टाकली आणि बॉक्स गप्प झाले. ॲम्पच्या मागे ग्राउंड लिफ्टचं छोटं बटण होतं. ते सिग्नलचा ग्राउंड सोडवतं, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही, त्यामुळे त्याचा वापर निर्धोक आहे. इथे त्याचीही गरज पडली नाही.

आता बास.

त्या ॲम्पच्या मागच्या पाटीवर लिहिलं होतं: दर चॅनलला 8 ओहमवर 1000 वॉट, 4 ओहमवर 1600 वॉट, ब्रिजमध्ये (दोन्ही चॅनल मिळून एकच जोडणी चालवतात तेव्हा) 8 ओहमवर 3200 वॉट. स्विच ब्रिजवर होता. त्यातून एकच केबल निघून पहिल्या बासबॉक्सला जात होती, त्याच्या मागच्या दुसऱ्या सॉकेटमधून पुढच्याला, तिथून तिसऱ्याला, तिथून चौथ्याला. बॉक्समागची ती दोन सॉकेटं आतून एकमेकांना समांतर जोडलेली असतात, हे ऑपरेटरला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं की आवाज ‘पुढे पाठवला’ जातो. ॲम्पच्या टोकाचा स्पीकॉन (स्पीकर केबलचा प्लग) काढून मी त्याच्या संपर्कांवर मीटर धरला: 1.6 ओहम. कॉइलचा डीसी रोध नाममात्र आकड्यापेक्षा कमीच येतो. आठ ओहमचा बॉक्स साधारण सहा दाखवतो. सहाचे चार समांतर म्हणजे दीड आणि वर केबलचं थोडंसं. म्हणजे नाममात्र लोड (ॲम्पवरचा भार) 2 ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला लोडचा निम्मा भाग दिसतो, म्हणजे 1 ओहम. ॲम्पसाठी ही जवळजवळ शॉर्टच. खर्जाचा ठोका आला की तो करंट द्यायला जायचा आणि स्वतःला वाचवायला बंद व्हायचा.

मुलगा म्हणाला, “पण दादा, ब्रिजमध्ये ताकद जास्त ना? बत्तीसशे लिहिलंय.”

हा समज इतका पसरलेला आहे की मी कागद काढला. 4 ओहमवर 1600 वॉट म्हणजे 80 व्होल्ट आणि 20 अँपिअर. असे दोन चॅनल, म्हणजे एकूण 3200 वॉट. ब्रिजमध्ये 8 ओहमवर 3200 वॉट म्हणजे 160 व्होल्ट आणि तेच 20 अँपिअर. ट्रान्झिस्टरांना सोसावा लागणारा करंट तोच, उष्णता तीच, एकूण वॉटही तेच. ब्रिज केल्याने ॲम्पमध्ये नवी ताकद येत नाही. दोन चॅनलांचं व्होल्टेज एका लोडवर एकत्र येतं, एवढंच. एकच मोठा 8 ओहमचा बॉक्स असेल तर ते कामाचं आहे. चार बॉक्स आहेत, दोन-दोन वाटता येतात, तर साधा स्टिरिओ मोड तेवढंच देतो आणि ॲम्प सुखात राहतो. शिवाय 160 व्होल्ट हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्पीकरची वायर म्हणजे ‘नुसता आवाज’, असं समजून चालू ॲम्पच्या उघड्या टर्मिनलला हात लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या टर्मिनलांशेजारी विजेचं चिन्ह छापलेलं असतं, ते उगाच नसतं.

ॲम्प बंद करून, मेनमधून काढून स्विच स्टिरिओवर घेतला. मोड चालू ॲम्पवर कधीही बदलायचा नाही. दोन बॉक्स एका चॅनलवर, दोन दुसऱ्यावर. मीटर दोन्हीकडे तीनच्या आसपास. ब्रिजमध्ये सिग्नल एकाच इनपुटला पुरतो, आता दोन्हींना द्यावा लागला. जुनी ब्रिजची केबल 1+ आणि 2+ या पिनांवर बांधलेली होती, ती तशीच कोणी पुन्हा लावू नये म्हणून प्लग उघडून 1+ आणि 1− वर बदलली. वायर बारीक होती, तीही बदलून घेतली. उदाहरणार्थ, वीस मीटरची 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर येऊन-जाऊन साधारण 0.7 ओहम भरते. 4 ओहमच्या लोडबरोबर ती लावली तर ॲम्पने दिलेल्या शक्तीतला सुमारे सातवा भाग वायर गरम करण्यात जातो आणि बासचा ठोकाही सैल होतो.

रॅकच्या मागे एक टेबलफॅन लावलेला होता, ॲम्प थंड राहावा म्हणून. हा ॲम्प समोरून हवा घेऊन मागून फेकणारा. फॅन त्याच्या तोंडावर गरम हवा परत ढकलत होता. फॅन काढला, मागचा पडदा बाजूला केला.

राहिली पातळी. ॲम्पला ‘आराम’ म्हणून त्याचे नॉब निम्म्यावर ठेवले होते आणि ती कसर भरून काढायला मिक्सर सतत लाल दिव्यात चालत होता. ॲम्पचा नॉब शक्तीला लगाम घालत नाही, फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो. पुरेसा मोठा सिग्नल आला तर निम्म्या नॉबवरही ॲम्प पूर्ण शक्ती देतो. आणि मिक्सरमध्ये लाट वरून-खालून कापली गेली की ती चौकोनी होत जाते. तेवढ्याच शिखराच्या चौकोनी लाटेत साध्या साइन लाटेच्या दुप्पट शक्ती असते. ॲम्पचा क्लिपचा दिवा लागत नाही, म्हणून ऑपरेटर निश्चिंत, आणि तिकडे हॉर्नची कॉइल भाजत असते. या सभागृहात टॉपचे (उंच सुरांच्या बॉक्सचे) डायफ्रॅम आधी जळाले होते, त्याचं कारण मला इथे दिसलं. मिक्सरची पातळी त्याच्या मीटरवरच्या शून्याजवळ आणली, ॲम्पचे नॉब त्या हिशोबाने वाढवले, लिमिटर (सिग्नलला ठरावीक पातळीवर रोखणारा) बॉक्सच्या क्षमतेला धरून बसवला.

मग चालू करण्याचा क्रम. आधी मिक्सर आणि प्रोसेसर, शेवटी ॲम्प, तेही एकेक करून, कारण चालू होताना प्रत्येक ॲम्प क्षणभर मोठा करंट ओढतो. नॉब आधी शून्यावर, मग हळूहळू वर, हलका पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खरखराट), एकेका बॉक्ससमोर कान देऊन फेरी. एक बासबॉक्स उलट्या पोलॅरिटीत (+ आणि − उलटे) निघाला. तो सरळ केल्यावर खर्ज भरून आला आणि मिक्सरवरचा पातळीचा फेडर मुलाने आपणहून खाली घेतला.

गायिकेला बोलावलं. त्या माइकजवळ जायला कचरत होत्या, ते स्वाभाविकच होतं. मी आधी त्यांच्यासमोर पुन्हा मीटर लावून दाखवला, मग एक हात गिटारच्या तारांवर ठेवून दुसऱ्या हाताने माइक धरला. त्यांनी फोमचं कव्हर काढून ठेवलं आणि एक आलाप घेतला.

कार्यक्रमभर मी रॅकशेजारी होतो. सिग्नलचे हिरवे दिवे हलत होते, सर्वांत मोठ्या ठोक्याला क्लिपचा दिवा जेमतेम चमकायचा, प्रोटेक्ट एकदाही लागला नाही. संपल्यावर मुलाने न सांगता आधी ॲम्प बंद केले, नंतर मिक्सर. रॅकच्या आतल्या बाजूला मी चिकटवायची पाटी लिहून दिली: स्टिरिओ, दर चॅनलला दोन बॉक्स, 4 ओहमच्या खाली नाही, ब्रिज नाही.

व्यवस्थापकांना खरेदीची यादी दिली. त्यात नवा ॲम्प नव्हता. तीन पिनांचं चांगलं एक्स्टेन्शन, मिक्सरसाठी अर्थसहित सॉकेट, दोन बॅलन्स्ड केबल आणि जाड स्पीकर वायर, एवढंच. कापलेल्या पिनेचं एक्स्टेन्शन गोदामात ठेवू का, कधी लागलं तर, असं त्यांनी विचारलं. मी पक्कड घेतली, प्लग वायरपासून वेगळा केला, त्याच्या उरलेल्या दोन पिनाही तोडल्या आणि सगळं भंगाराच्या डब्यात टाकलं.