तुम्ही विचारलंत म्हणून : साटं घालताना पोरं मध्ये कशाला?

मे महिन्यात आमच्याकडे कुणीही आलं, की अंगणातली बाज बघून प्रश्न ठरलेला. बाजेवर ओळीनं ताटं, ताटांत साटांसाठी, म्हणजे आंबापोळीसाठी, ओतलेला आंब्याचा रस, वर जुन्या धोतराचं पातळ फडकं आणि बाजेच्या आजूबाजूला चार-पाच पोरं. "एवढी पोरं घेऊन हा उद्योग कशाला करतेस गो? बाजारात आंबापोळी मिळते की." पाठोपाठ दुसरा प्रश्न, तो बहुतेक आयांचा. "साखर खरंच घालत नाहीस? मग टिकते कशी? आणि मुलं खातात?" गेल्या उन्हाळ्यात धाकट्या वहिनीनं हेच विचारलं, तिच्या मैत्रिणीनं पुण्याहून फोन करून विचारलं. तेव्हा एकदा नीट लिहूनच काढते.

आमचं घर गुहागर तालुक्यात. मागच्या बाजूला दोन हापूस, तीन जुने रायवळ म्हणजे गावठी आंबे, एक बरका म्हणजे मऊ गऱ्यांचा फणस आणि कुंपणाला लागून रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं. एप्रिल सरता सरता भावंडांची मुलं येतात, शेजारची दोघं त्यांना येऊन मिळतात.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची आली ती सहा वर्षांची होती. फळ म्हणून काही खायची नाही. आंबा फक्त मिल्कशेकमधून, तोही गाळलेला. आंब्यातल्या रेषांना ती "केस" म्हणायची आणि तोंड फिरवायची. तिची आई काकुळतीला आली होती. मी तिला खा म्हटलं नाही. तिच्यापुढे पातेलं ठेवलं आणि एक रायवळ हातात देऊन म्हटलं, "हा मऊ करून दे, मला रस काढायचाय." तिनं दोन्ही तळव्यांत धरून तो हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आत बाठा, म्हणजे कोय, सुटतो तेव्हा बोटांना कळतं. तिला ते कळलं आणि तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग देठाकडून साल सोडवून पिळला. रस पातेल्यात थोडा आणि मनगटावरून कोपरापर्यंत जास्त. पुसायला काही नव्हतं, म्हणून तिनं मनगट चाटलं. थांबली. पुन्हा चाटलं. मग बाठा उचलला, त्याच्या रेषा दातांनी ओढून बघितल्या आणि तो पांढरा होईपर्यंत चोखला. त्या दिवशी तिनं चार बाठे संपवले. रसाचं पातेलं अर्धंच भरलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. मुलाच्या मागे वाटी घेऊन फिरलं की फळ ही शिक्षा होते. तेच फळ काम म्हणून हातात दिलं, की त्याची साल कशी आहे, वास कसा आहे, चीक कुठून येतो हे सगळं ते मूल स्वतः बघतं आणि मग तोंडात घालतं. सगळी मुलं पहिल्याच दिवशी खातील असं नाही. माझा एक भाचा तीन उन्हाळे नुसता पिळायचा, चौथ्या उन्हाळ्यात खायला लागला. तोवर मी त्याला पिळू दिलं.

आता साटांचं सांगते. आंबे बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवायचे. देठाचा चीक ओठांना लागला तर फोड येतात, म्हणून देठाकडचा भाग मोठ्या माणसानं कापून टाकायचा. धुण्याचं काम सगळ्यात धाकट्याकडे. तीन वर्षांचं पोरही बादलीत हात घालून मन लावून आंबे चोळतं. त्याआधी त्याचे स्वतःचे हात मात्र साबणानं धुवायला लावते, नखं कापलेली आहेत ना बघते. पिळायला मधली मुलं, चाळणीतून रस गाळायला मोठी. मग तो रस मी कल्हईच्या किंवा स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळत चांगला गरम करते. लोखंडाच्या कढईत करू नका, आंबट रस काळा पडतो. चुलीपाशी मुलं नकोत, उकळता रस उडतो आणि चिकटून भाजतो. न तापवताही साटं घालतात, आमची आजी तशीच घालायची. पण तापवलेला रस उन्हात फसफसत नाही आणि रंगही चांगला राहतो.

ताटाला तुपाचा हात फिरवायचा, रस करंगळीच्या नखाइतका जाड ओतायचा आणि ताट हलवून सारखा करायचा. हे हलवणं मुलांना फार आवडतं. बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. ऊन वर आलं की ताटं बाहेर, चार वाजले की आत. संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा सुटतो आणि दिवसभर वाळलेलं पुन्हा ओलसर होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कड सुटायला लागते, तेव्हा पोळी उलटायची. उन्हाचा जोर असेल तर तीन-चार दिवसांत होते. कावळे राखायची पाळी मुलं आपसांत लावतात आणि त्यावरून भांडतातही. काठी घेऊन आंब्याच्या सावलीत तासभर बसून राहणारी मुलं मी दुसऱ्या कुठल्याच कामात बघितली नाहीत.

साखरेचं जरा सविस्तर बोलते, कारण खरा घोळ तिथेच आहे. मोठ्या पुतण्याला मी एकदा विकतच्या आंबापोळीचं पाकीट वाचायला दिलं. आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते आधी. त्यानं मोठ्यानं वाचलं, पहिला शब्द साखर, दुसरा आंब्याचा गर. त्याला एवढा राग आला की घरातली सगळी पाकिटं काढून तो वाचत बसला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, फळांचे गाळलेले रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाचच्या आत असली तर आणखी बरं. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाच टक्के म्हणजे दिवसाला चहाचे चार-पाच चमचे. दूध, बिस्किटं, सरबत यांतच ते संपून जातात. आंबा मुळात गोड असताना त्यात किलोला पाव किलो साखर कशासाठी घालायची?

टिकण्यासाठी, असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला ते पाणी मिळत नाही. साखर घालायची नसेल तर ते पाणी उन्हानंच काढून टाकायला लागतं, म्हणून रस पातळ पसरायचा. शिवाय आंबटपणाही राखण करतो. त्यासाठी मी हापूसच्या रसात निम्मा रायवळ घालते. चवीलाही ते बरं, नुसत्या हापूसची बिनसाखरेची पोळी मला जरा सपक वाटते.

हे मला एका वर्षी नीट कळलं नव्हतं. पाऊस जवळ आला होता, म्हणून घाईघाईनं जाड साटं घातली. वरून वाळलेली दिसली, घड्या घालून डब्यात भरली. जुलैत डबा उघडला तर पांढरी बुरशी. ज्या भाचीनं रस काढला होता ती तेव्हा फोनवर होती, तिला सांगताना मला बोलवेना. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवलं, वरची खरवडून खालची खाऊ. मी ऐकलं नाही. बुरशीची मुळं डोळ्यांना दिसत नाहीत, ती आतपर्यंत गेलेली असतात. सगळा डबा खड्ड्यात पुरला. तेव्हापासून पोळी उजेडाकडे धरून बघते. आरपार सारखा रंग दिसला, मधे गडद ओला डाग नसला आणि घडी घातल्यावर बोटाला चिकटली नाही, तरच भरते. आठवडाभराची डब्यात, बाकीची फ्रिजमध्ये.

आणि एक गोष्ट आयांना मी दरवेळी सांगते, ती त्यांना फारशी आवडत नाही. साखर नाही म्हणून हवी तेवढी खाऊ देऊ नका. किलोभर रसाची वाळून पोळी होते पाव किलोच्या आतबाहेर. म्हणजे आंब्याची सगळी गोडी त्या चतकोरात येऊन बसलेली. एक पूर्ण आंबा खाताना पोट भरतं, पोळी मात्र बघता बघता दोन आंब्यांची पोटात जाते. ती दातांनाही चिकटते. आमच्याकडे दोन बोटं रुंद पट्टी मिळते, जेवणानंतर, आणि मग खळखळून चूळ. ऊन आणि आच या दोन्हींत सी जीवनसत्त्व बरंच जातं. त्यामुळे झाडावर ताजं आहे तोवर ताजंच खायचं, साटं उरलेल्या आंब्यांची आणि पावसाळ्यासाठी.

फणसाची गोष्ट वेगळी, तिथे आधी हाताला खोबरेल. चीक एकदा केसांना लागला की रडारड. बरक्याचे गरे बिया काढून चाळणीवर घासायचे, त्याची पोळी घालता येते, पण माझं मत विचाराल तर मुलांसाठी सांदणं करा. तांदळाच्या कण्या जरा भाजून फणसाच्या रसात सैलसर भिजवायच्या, किंचित मीठ, हवं तर नारळाचं दूध, आणि इडलीसारखी वाफवायची. बरका चांगला पिकलेला असेल तर गुळाची गरज पडत नाही. उकडलेल्या आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, सोलायचं काम मुलं तासन्‌तास करतात. लहानग्यांना त्या अख्ख्या देऊ नका, कुस्करून द्या. करवंदं आणि जांभळं खातानाही चार-पाच वर्षांखालच्या मुलांजवळ बसून राहा, जांभळाची बी मी आधीच काढते.

रातांबे फोडणं हे आमच्याकडे मुलांचं सगळ्यात लाडकं काम, कारण हात आठवडाभर लाल राहतात. सालं वेगळी, गर आणि बिया वेगळ्या. सालांना मीठ आणि त्यांचाच रस लावून उन्हात टाकायची, दुसऱ्या दिवशी परत रसात बुडवून परत उन्हात, अशी चार-पाच पुटं दिली की आमसुलं तयार. पोरं गोळीसारखं एखादं तोंडात धरतात. एखादंच, कारण मीठ भरपूर. सालांच्या वाट्यांत साखर भरून करतात ते अमृत कोकम मी आता करत नाही. मिठातलं आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, ठेवते आणि सरबताला हवा तेवढाच गूळ घालते.

काजूबोंडांना मात्र सावध. बोंडं मुलांनी खुशाल कापावीत, मीठ लावून खावीत. घसा थोडा धरतो, पण सी जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. ओल्या बीला मात्र मुलांचा हात लागू देऊ नये. तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, आणि तोच हात डोळ्याला गेला तर फार वाईट.

"आमच्याकडे अंगण कुठाय?" हा फ्लॅटमधल्या सगळ्यांचा प्रश्न. गॅलरीत चार-पाच तास कडक ऊन येत असेल तर ताट तिथे ठेवा, फक्त दिवस जास्त लागतील. नाहीतर ओव्हन अगदी कमी आचेवर, साठ-सत्तर अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून सहा ते आठ तास. वहिनीनं तसं करून पाहिलं, पोळी उत्तम झाली. पण तिच्या मुलीनं फोनवर मला विचारलं, "आत्या, इथे कावळे राखायचे नाहीत, मग मी काय करू?" तिला मी काचेतून पोळीचा रंग बघत राहायला आणि दर तासाला लिहून ठेवायला सांगितलं. तिनं सात वेळा लिहिलं. सातव्या ओळीत लिहिलं होतं, "कड सुटली."

यंदा रायवळ उशिरा मोहरलाय, पिकायला मेचा दुसरा आठवडा येईल. मृगाच्या आत सगळं उरकायला हवं. येणार असाल तर ताटं तुमची आणा, आमची पुरत नाहीत. आणि मुलांना जुने कपडे घाला, आंब्याचा डाग निघत नाही.