मशीन चालू होतं, पण ओढत नव्हतं

"मोटर फिरतेय ना, मग मशीन चांगलंच आहे." कफ ओढायचं सक्शन मशीन भाड्याने देणाऱ्या सर्जिकलच्या दुकानातल्या माणसाचं हे वाक्य ऐकायला चार दिवस वाट बघितली. अजून आठवलं की तिडीक जाते.

स्ट्रोकनंतर आप्पांच्या गळ्यात श्वासाची नळी बसवली होती. वॉर्डात सगळे तिला 'ट्रॅक' म्हणतात. आप्पांना खोकून कफ बाहेर टाकता येत नव्हता, तो कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, घालून ओढून काढावा लागायचा. हॉस्पिटलात सक्शनची लाईन भिंतीतच असते, घरी तासगावला मशीन लागणार होतं. मिरजेच्या त्या वॉर्डातल्या सिस्टरांनी अट घातली, "मशीन आधी इथे आणा, माझ्यासमोर चालवून दाखवा, मग डिस्चार्ज."

भाड्याचं मशीन शनिवारी दुपारी आलं. बटण दाबल्यावर दणदणीत आवाज झाला. सिस्टरांनी मशीनच्या नळीचं टोक चिमटीत दाबलं आणि ओढ दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहिल्या. टोक बंद केलं की काटा चढायला हवा. मोठ्या माणसाला १०० ते १५० मिमी पाऱ्याइतकी ओढ पुरते. आमचा काटा ४० जवळच थरथरत राहिला. नॉब पुरता पिळला तरी तिथेच.

मग फोन सुरू झाले. शनिवारी उत्तर, "उद्या माणूस पाठवतो." रविवारी दुकान बंद. सोमवारी माणूस सांगलीला गेलेला, संध्याकाळी येणार होता. मी आठ वाजेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. मंगळवारी आला, बटण दाबलं, कान लावला, तेच वाक्य म्हणाला आणि बॅग उचलून गेला. काट्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. खोलीचं भाडं रोज चढत होतं, पण त्याहून वाईट म्हणजे आप्पा डाव्या हाताने पाटीवर रोज एकच शब्द लिहायचे, 'घरी'. काय सांगणार त्यांना?

त्याच रात्री सिस्टरांनी उलगडा केला. ओढलेला कफ ज्यात साठतो त्या जारकडून येणारी नळी त्यांनी मशीनच्या तोंडापासून काढली आणि तिथेच अंगठा दाबून धरला. काटा सरसर ६०० च्या वर गेला! म्हणजे पंप ठणठणीत होता, हवा पुढे कुठेतरी गळत होती. जारचं झाकण उलटं केलं तर आतली रबरी रिंग कडक होऊन एका जागी चिरलेली. शिवाय झाकण दुसऱ्याच मशीनचं, जारवर नीट बसतच नव्हतं. बुधवारी सकाळी जार काखोटीला मारून दुकानात गेलो आणि नवा जार झाकणासकट हातात पडेपर्यंत हललो नाही. दहा मिनिटांचं काम होतं. दुपारी वॉर्डात काटा १२० वर स्थिर राहिला आणि आम्ही घरी निघालो.

म्हणून सांगतो, पैसे मोजण्याआधी दुकानातच टोक दाबून काटा चढवून बघा. चढला नाही तर अंगठा थेट मशीनच्या तोंडाला लावा. तिथे चढला तर दोष जार, झाकण किंवा नळीचा, तिथेही नाही चढला तर पंपाचा. फिल्टर ओला झाला तरी ओढ जाते, एक जास्तीचा घेऊन ठेवा.

सिस्टरांनी शिकवलेलं जसं आठवतंय तसं लिहितो. कॅथेटर आत घालताना त्याच्या बाजूच्या भोकावरचं बोट काढलेलं हवं, बाहेर काढतानाच बोट ठेवून ओढायचं, हलकेच फिरवत. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. "स्वतःचा श्वास रोखून धर," त्या म्हणाल्या, "तुला गुदमरलं की आप्पांनाही गुदमरलंय." याहून चांगलं घड्याळ मला मिळालं नाही. आधी गळा, मग तोंड. तोंडात घातलेलं कॅथेटर पुन्हा गळ्यात कधीच नाही. आप्पांच्या गळ्यातली नळी ८ नंबरची, म्हणून १२ नंबरचं, पांढऱ्या टोकाचं कॅथेटर. दुकानदार १४ चं हिरवं पुढे करेल, घेऊ नका. जाड कॅथेटरने नळीत हवेला वाटच उरत नाही.

आणि हो, पायाने दाबायचा सक्शन पंप. तो घेतला नसता तर दुसऱ्याच आठवड्यात, रात्री अडीचला लाईट गेली तेव्हा, काय केलं असतं या विचाराने आजही अंगावर काटा येतो. मी पाय मारत होतो, बायकोने मोबाईलचा उजेड धरून सक्शन केलं. गळ्यातली घरघर थांबली आणि आप्पांनी तिचा हात थोपटला.

जार पाऊण भरायच्या आत रिकामा करायचा, हेही राहिलंच होतं सांगायचं.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी नळी काढली. मशीन परत देताना मी काउंटरवर अंगठा लावून काटा चढलेला दाखवला आणि डिपॉझिट पूर्ण मोजून घेतलं.