दिसतंय ते कशाला लिहायचं?

आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना कोडमध्ये कॉमेंट लिहा, म्हणजे पुढे वाचणाऱ्या माणसासाठी टीप, म्हटलं की 'हो हो' करतात आणि मग 'काउंट एकने वाढवला' असं टाकून मोकळे, खाली कोडची ओळ काय तर काउंट प्लस प्लस, म्हणजे तेच, एकने वाढव. अरे बाबा ते दिसतंय की! दिसत नाही ते लिही ना.

आता बिलिंगच्या एका जुन्या कोडमध्ये अट होती, बिलाची तारीख १ जुलै २०१७ च्या आधीची असेल तर टॅक्सचा हिशोब करणारं वेगळं फंक्शन. वर कॉमेंट काय, 'तारीख तपासा'. तेव्हा ज्यांनी दुकानदारांचे फोन घेतलेत त्यांना ती तारीख पाठ आहे, जीएसटी लागला तो दिवस, त्याआधी व्हॅट. पण तेव्हा शाळेत असलेलं पोरगं हे बघून म्हणणार एवढ्या जुन्या तारखेचं काय काम, उडवून टाकू, आणि मग कोणी २०१६ चं बिल परत छापलं की त्यावर जीएसटी! 'जीएसटीच्या आधीची बिलं, व्हॅटच लावा, काढू नका' एवढं लिहायला काय जात होतं?

माणसं चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलो ११ चा कोड गिटहबवर, म्हणजे लोक कोड ठेवतात त्या वेबसाइटवर आहे, सवड काढून वाचा. असेंब्ली आहे, म्हणजे थेट मशीनच्या जवळची भाषा, डोकं गरगरतं, पण कॉमेंट्स भारी. उतरताना रडारचा अँटेना नीट जागेवर नसेल तर कॉम्प्युटर अंतराळवीराला तो फिरवायला सांगतो, आणि त्याने 'झालं' म्हणून पुढे जायला सांगितलं तरी प्रोग्राम परत मागे जाऊन अँटेना तपासतो. त्या ओळीपुढे लिहिलंय, बघू खोटं बोलतोय का. पार चंद्रावर जाणाऱ्या माणसावरही विश्वास नाही! पण ती ओळ तिथे का आहे ते एका दमात कळतं की नाही, नुसतं 'मागे जा' लिहिलं असतं तर कोणीतरी हुशारी करून काढली असती. त्याच कोडमध्ये दुसरीकडे 'टेम्पररी, आय होप होप होप' असंही आहे, आणि ते तसंच चंद्रावर गेलं.

मला तर असल्या प्रामाणिक कॉमेंट्स आवडतात. डोक्यात जातात त्या शिळ्या. वर 'तीनदा ट्राय करा', खाली आकडा पाच, आता तीन बरोबर का पाच हे कोणाला विचारायचं, लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला. कोड बदलला की वरची ओळपण बदला रे, नाहीतर सरळ डिलीट मारा.