सुपारीएवढी गाठ

१६ जुलै, रात्री

बागेच्या वहीत आज पहिल्यांदाच मांजराचं वजन लिहिलं. ठकीला रिकाम्या क्रेटमध्ये बसवलं, आंब्याच्या काट्यावर क्रेट ठेवला आणि क्रेटचं वजन वजा केलं. ३ किलो १०० ग्रॅम. मागच्या वर्षी लस द्यायला नेली तेव्हाच्या कागदावर ३ किलो ९०० आहे. आठशे ग्रॅम म्हणजे हापूसची तीन-चार फळं, पण इथे त्या हिशेबाने पाचवा हिस्सा मांजर गेलं.

ठकीच्या सडात गाठ आहे, आणि ही वही डॉक्टरीणबाईंमुळे. रत्नागिरीत त्यांच्याकडे परवा रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे सगळं झालं. फुप्फुसं दिसायला स्वच्छ आहेत, पण बारीक ठिपके एक्स-रेत दिसतातच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. क्रिॲटिनिन २.४. म्हणजे मूत्रपिंडं थकलीत. मांजरांच्या सडातल्या गाठी दहातल्या आठ-नऊ वेळा कॅन्सरच्याच निघतात आणि काढायची तर नुसती गाठ काढून भागत नाही, त्या बाजूची चारही सडांची रांग काढावी लागते. हे ऑपरेशन कोल्हापूरला. आणि ठकी तेरा वर्षांची.

मी भुलीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "काका, ठणठणीत मांजर हजारात एखादं दगावतं, आजारी असलं तर शंभरात एखाद-दुसरं. टेबलाची मला एवढी भीती नाही. भुलीत रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं. हिच्याकडे शिल्लकच थोडी आहे. ती नंतर सावरेल का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही." मग म्हणाल्या, आठवडाभर ती दिवसभर काय करते तेवढं लिहा. तुम्हाला काय वाटतं ते नको, ती काय करते ते.

हे मात्र वहीत लिहायलाच हवं. गाठ हाताला लागली शिमग्यात. तेव्हा रतांब्याच्या बीएवढी होती. मी म्हटलं, आंबा उतरू दे, मग बघू. आज बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजली, अडीच सेंटिमीटरला जरा कमी, सोललेल्या सुपारीएवढी. दोन सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर पुढचं आयुष्य बरं असतं, हे आत्ता कळतंय. नसबंदीचंही तेच. वर्षाच्या आत केली असती तर ही गाठ होण्याची शक्यता पुष्कळच कमी झाली असती. आम्ही केली ती चार बाळंतपणं झाल्यावर, आणि तीसुद्धा पिल्लं कोणाच्या गळ्यात मारायची हा प्रश्न पडला म्हणून.

१९ जुलै

पाऊस. आंब्याला मोहोर यावा म्हणून कल्टार घालायचे दिवस आलेत, पण आळ्यांत पाणी उभं आहे, गडी येऊन परत गेले. त्यामुळे मांजराकडे बघायला वेळच वेळ.

तीन दिवसांचं लिहिलेलं वाचलं. माळ्यावर एकदाही गेली नाही. मला वाटत होतं ही कालपरवाची गोष्ट असेल. हिला विचारलं तर म्हणाली, "अहो, शिमग्यापासून नाही जात. अढीत उंदीर शिरला तेव्हा तुम्हीच नाही का पिंजरा आणलात?" आणला होता. अढी राखायला मांजर आहे हे बारा वर्षं इतकं अंगवळणी पडलं होतं की पिंजरा आणतानाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

उडी मारायची सोडली तशी तिने वाट बदलली. आधी पाटावर, मग भाताच्या पिंपावर, मग खिडकीत. पिंपावर चढली की थांबते, कुठेतरी दुसरीकडे बघते, जणू थांबायचंच होतं. दिवसातून सात-आठ वेळा पाणी. पाठीचे केस चाटत नाही, शेपटीच्या मुळाशी गुठळ्या झाल्यात. त्या मी कातरीने काढल्या. गाठीला हात लावला तर काही नाही, पण गुठळीला ओढ लागली तेव्हा फिसकारली.

शेजाऱ्यांनी तापाची अर्धी गोळी द्यायला सांगितलं. पॅरासिटामॉल मांजराला विष असतं, अर्ध्या गोळीनेही जीव जातो. नशीब मला ठाऊक होतं.

आईचं वेगळंच. "टेबलावर गेली तर काशीला सोन्याची मांजर कोण देणार? तू?" आणि ती मला न सांगता ठकीला सुकट घालते. सुकटीतलं मीठ या मूत्रपिंडांना नको, हे दोनदा सांगून झालं. म्हणते, मासेमारीच्या बंदीत दुसरं काय देऊ तिला, चटणी?

२२ जुलै

ऑपरेशन करायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

वहीवरून एक दिसलं, की ठकीला खाली ओढतेय ती गाठ नाही. वजन, पाणी, केस, माळा, सगळा त्रास मूत्रपिंडांचा वाटतो. बाईंनाही वाचून दाखवलं, त्या "हं" म्हणाल्या आणि लगेच पुढचं सांगायला लागल्या. न दुखणाऱ्या गाठीसाठी, आंबा घाटात दरडी येताहेत अशा दिवसांत साडेतीन तास पेटीत कोंडून न्यायचं, पोटावर वीतभर टाके घालायचे आणि जे आधीच बुडतंय त्यावर आणखी भार टाकायचा, हे माझ्या गळी उतरेना.

पुण्याहून मुलीचा फोन. "बाबा, पैशामुळे नाही ना?" मी नाही म्हटलं. इथे खरं लिहितो. यंदा मोहोर गळला, पेट्या निम्म्यावर आल्या, आकडा ऐकल्यावर पोटात गोळा आला होता. क्रिॲटिनिन १.२ असतं तर कर्ज काढून गेलो असतो का? गेलो असतो असं वाटतं. तपासायची वेळ आली नाही, याचं थोडं बरंही वाटलं, आणि ते बरं वाटणं आवडलं नाही. ती रडली. मग म्हणाली, रोजचा फोटो पाठवा.

गाठ फुटली, वास यायला लागला, किंवा सलग दोन दिवस खाल्लं नाही, तर थांबायचं नाही, बाईंना बोलवायचं. त्या घरी येऊन शेवटचं इंजेक्शन देतील. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

मूत्रपिंडांसाठी आज पहिलं सलाईन घरी दिलं. हिने धरली. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी झाली की सुई आत. माझा हात थरथरला, ठकीने मान वळवून सुईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. शंभर मिली. पाठीवर बैलासारखं वशिंड आलं, दुपारी ते घसरून पुढच्या डाव्या पायात उतरलं आणि ती एक पाय जाड घेऊन पडवीभर फिरली. संध्याकाळपर्यंत जिरलं.

बंदी उठायला नऊ दिवस. शेजारचा मुलगा खाडीत पाग टाकून आला, दोन बोयटं देऊन गेला. उकडून, काटे काढून, मीठ न घालता.

३ किलो १५०. पाणी सहा वेळा. बोयट दीड. पिंपावर दोनदा.