‘प्रिंटर चालतो ना?’ पॅरलल पोर्टवरून रिले चालवण्याचा माझा अनुभव

पॅरलल पोर्टवर (जुन्या कॉम्प्युटरचं प्रिंटर लावायचं २५ पिनांचं सॉकेट) आठ रिले (विजेने चालणारे स्विच) चालवणं मुळात अवघड नाही. अवघड आहे ते आजच्या कॉम्प्युटरवर तो पोर्ट मिळवणं, आणि मिळालाच तर त्याचा पत्ता शोधणं. माझा जीव या दोन गोष्टींनी खाल्ला, तेव्हा लिहितानाही त्यांनाच जास्त जागा मिळणार.

माझ्या जुन्या मशीनवर हे काम क्यूबेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या एका ओळीचं होतं. आउट, मग ३७८ हेक्स (म्हणजे सोळाच्या आधाराने लिहिलेला) हा पत्ता, स्वल्पविराम आणि २५५ हा आकडा. एंटर दाबलं की आठही रिले एकदम टक्क. शून्य पाठवला की आठही बंद. ड्रायव्हर नाही, परवानगी नाही, काही नाही. मग त्या मशीनचा मदरबोर्ड गेला आणि नव्या मशीनच्या पाठीमागे २५ पिनांचं ते सॉकेटच नव्हतं.

सर्किटचं आधी उरकून घेतो. पिन २ ते ९ या आठ डेटा लाइन, १८ ते २५ ग्राउंड. पिनमधून मिळतात जेमतेम काही मिलिअँपिअर, आणि १२ व्होल्टच्या लहान रिलेची कॉइलसुद्धा तीसेक मिलिअँपिअर मागते. म्हणून मध्ये यूएलएन २८०३ हा रिले ओढणारा चिप घालायचा. त्यात आठ डार्लिंग्टन जोड्या (करंट वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या) असतात आणि कॉइलचा उलटा झटका जिरवणारे डायोडही आतच असतात, पण त्यासाठी दहा नंबरची पिन १२ व्होल्टच्या प्लसला जोडावी लागते. बरेच लोक ती मोकळी सोडतात आणि मग चिप उडाली की पोर्टला शिव्या घालतात. यूएलएन २००३ हाताशी असेल तर तोही चालतो, पण त्यात जोड्या सातच, आणि त्याची नऊ नंबरची पिन डायोडची असते. २८०३ मध्ये तीच नऊ नंबरची पिन ग्राउंड! जुन्या आकृतीवरून डोळे मिटून जोडणी करू नका. १२ व्होल्टचा सप्लाय वेगळा घ्या, पण त्याचं ग्राउंड आणि पोर्टचं ग्राउंड एकत्र जोडा, नाहीतर काहीच हलणार नाही.

आता मूळ दुखणं.

पोर्ट नाही म्हटल्यावर सगळे एकच सांगतात, ‘यूएसबी टू पॅरलल केबल घे.’ घेतली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला अगदी ओळखीचं २५ पिनांचं सॉकेट. लावली, विंडोजने ओळखली, सगळं गोड. ३७८ वर २५५ पाठवला. शांतता. मल्टिमीटरची काळी सळई १८ नंबरच्या पिनला आणि लाल सळई दोन नंबरला लावून बसलो. २५५ पाठवा, शून्य पाठवा, वाटेल ते पाठवा, काटा हलायला तयार नाही. दुसरी यूएसबी जागा, दुसरा कॉम्प्युटर, तोच प्रकार.

केबल बनवणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. संवाद जवळपास जसाच्या तसा देतो.

“सर, प्रिंटर चालतो का त्याच्यावर?”
“मला प्रिंटर लावायचाच नाहीये. रिले लावायचेत.”
“बरं. पण प्रिंटर लावून बघितलात का?”
“माझ्याकडे प्रिंटर नाही.”
“मग सर, केबल खराब आहे हे कशावरून म्हणता?”

यावर काय बोलणार! ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला सांगितलं, मशीन रीस्टार्ट करायला सांगितलं, शेवटी तक्रार ‘निकाली’ काढल्याचा मेसेज आला. गंमत अशी की त्यांच्या हिशोबाने केबल खरंच चांगली होती. फक्त तो पॅरलल पोर्ट नव्हता, आणि एवढं एक वाक्य ना खोक्यावर छापलं होतं ना फोनवर कुणी उच्चारलं.

भानगड अशी आहे. मदरबोर्डवरच्या खऱ्या पोर्टला प्रोसेसरच्या इनपुट-आउटपुट नकाशात स्वतःचा पत्ता असतो. ३७८ वर डेटा, ३७९ वर स्टेटस, ३७ए वर कंट्रोल. तुम्ही ३७८ वर जो आकडा लिहाल तो तसाच्या तसा पिनांवर उमटतो आणि तुम्ही बदलेपर्यंत तिथेच राहतो. यूएसबी केबलच्या आत एक चिप असते आणि ती कॉम्प्युटरला ‘मी प्रिंटर आहे’ असं सांगते. तिला असा पत्ताच नाही. आपला २५५ ओसाड घराच्या पेटीत टाकलेल्या पत्रासारखा पडून राहतो. बरं, प्रिंटरचा जॉब म्हणून डेटा पाठवावा, तर ती चिप आधी अकरा नंबरची बिझी पिन बघते. मोकळी पिन सहसा हाय वाचली जाते, म्हणजे ‘प्रिंटर कामात आहे’. मग चिप थांबून राहते. अकरा आणि बारा नंबर ग्राउंडला बांधून, तेरा आणि पंधरा हाय ठेवून तिला फसवता येतं, आणि स्ट्रोबच्या (‘आकडा तयार आहे’ असं सांगणाऱ्या पिनच्या) झटक्यावर आकडा धरून ठेवायला ७४एचसी५७४ ही चिप लावता येते. हौस असेल तर करा. मला एवढ्या उठाठेवीत रस नव्हता.

केबलच्या टोकाला ३६ पिनांचा रुंद सेंट्रॉनिक्स कनेक्टर असेल, तर ती निदान प्रामाणिक तरी असते. प्रिंटरसाठीच आहे हे दिसतं. फसवतात त्या २५ पिनांच्या सॉकेटवाल्या.

शेवटी मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारं पॅरलल कार्ड बसवलं. (कॅबिनेट बारीक असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी सोबत येते का ते विकत घेण्याआधी विचारा.) वाटलं, सुटलो. प्रोग्राम चालवला, पुन्हा शांतता. या वेळी कारण वेगळं होतं. अशा कार्डाला ३७८ मिळेलच असं नाही. सिस्टिम त्याला रिकामा पत्ता देते, आणि तो ई०१० वगैरे काहीही असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रिसोर्सेस उघडा. तिथे मला इनपुट-आउटपुटच्या दोन रेंज दिसल्या. कोणती आपली? कार्डासोबतच्या कागदावर यावर अवाक्षर नाही. त्यात फक्त स्क्रू कुठे पिळायचा ते चार भाषांत.

याचा उलगडा माझा मलाच झाला आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. दोनपैकी एक रेंज नेहमीच्या तीन रजिस्टरांची (डेटा, स्टेटस, कंट्रोल) आणि दुसरी ईसीपी या पोर्टच्या जलद पद्धतीच्या जादा रजिस्टरांची असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. पहिल्या रेंजच्या पहिल्या पत्त्यावर ५५ हेक्स लिहा आणि तिथूनच परत वाचा. मग एए हेक्स लिहा आणि वाचा. दोन्ही वेळा लिहिलेलंच परत आलं, तर हाच डेटा रजिस्टर. नाही आलं तर दुसरी रेंज. चाचणीआधी कंट्रोल रजिस्टरचा पाच नंबरचा बिट शून्य हवा, नाहीतर डेटा लाइन इनपुट होऊन बसतात आणि वाचलेलं जुळत नाही. आणि हो, हे करताना रिलेचा १२ व्होल्ट बंद ठेवा. मीटरवर दोन नंबरची पिन शून्यावरून ३.३ व्होल्टवर उडी मारताना दिसली तेव्हा मी खुर्चीत एकटाच हसलो. पाचऐवजी ३.३ बघून घाबरू नका. एवढ्यावर यूएलएन २८०३ लहान रिले आरामात ओढतो.

परवानगीचा भाग थोडक्यात. विंडोज एनटी, २०००, एक्सपी आणि त्यापुढच्या सगळ्यांत साध्या प्रोग्रामला पोर्टला थेट हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इनपआउट३२ ही डीएलएल (तयार कोडची फाइल) मध्ये घातली की काम होतं. ६४ बिट प्रोग्रामसाठी तिची एक्स६४ आवृत्ती घ्या, आणि पहिल्यांदा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा म्हणजे ड्रायव्हर बसतो. लिनक्सवर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन आयओपर्म हे पोर्टची परवानगी देणारं फंक्शन वापरता येतं. त्याहून बरं म्हणजे पीपीडेव्ह या ड्रायव्हरमार्फत पारपोर्ट० हे डिव्हाइस उघडायचं. तिथे पत्ता शोधायची कटकटच नाही. आधी एलपी हे प्रिंटरचं मॉड्यूल काढून टाका, म्हणजे पोर्टवर दुसरं कुणी हक्क सांगणार नाही.

जुना टर्बो सीचा कोड लिनक्सवर नेत असाल तर एक जपा. टर्बो सीच्या आउटपोर्टबी या फंक्शनमध्ये आधी पत्ता आणि मग आकडा, लिनक्सच्या आउटबीमध्ये आधी आकडा आणि मग पत्ता. कंपायलर तक्रार करत नाही. नुसतं काही होत नाही.

स्विच किंवा सेन्सर वाचायचे असतील तर स्टेटसच्या पाच पिना आहेत: १०, ११, १२, १३, १५. त्यातली ११ उलटी वाचली जाते. कंट्रोलच्या चारपैकी १, १४, १७ उलट्या आणि १६ सरळ. हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, कारण दर वेळी विसरायला होतं.

राहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं. मशीन चालू होताना बायोस आणि विंडोज प्रिंटर शोधायला पोर्टवर काहीबाही पाठवतात आणि रिले आपोआप टकटक करतात. रिलेवर पंखा, पंप किंवा मेन्सवरचं दुसरं काही जोडलेलं असेल तर हे धोक्याचं आहे. मी १२ व्होल्टच्या सप्लायला वेगळा स्विच ठेवलाय. मशीन पूर्ण सुरू झाली, प्रोग्रामने डेटावर शून्य लिहिला, की मगच तो चालू करायचा. बंद करताना उलटा क्रम: आधी तो स्विच, मग कॉम्प्युटर.