पणजीचं माहेर शोधताना: त्र्यंबक, सिन्नर आणि एक रेकॉर्ड रूम

आजीच्या आईचं नाव घरात सगळ्यांना पाठ, पण ते सासरचं. माहेरी तिला काय म्हणत, हे विचारलं तर आजी सांगे, "नदीचं नाव होतं बाई कुठल्याशा." आडनाव तेवढं पक्कं, आणि गाव 'सिन्नरकडचं'. एवढ्या शिदोरीवर डिसेंबरात तीन दिवस काढले. कुणाला असंच काही शोधायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते.

सुरुवात त्र्यंबकेश्वरला केली. नाशिकहून एसटीनं साधारण तासाभराचा रस्ता. कुशावर्ताच्या आसपास तीर्थोपाध्यायांची घरं आहेत आणि पिढ्यान्पिढ्यांच्या वंशावळीच्या वह्या त्यांच्याकडे असतात. मात्र गावं वाटलेली असतात. त्यामुळे पहिला प्रश्न "कोणतं गाव?" आणि दुसरा "कोणतं आडनाव?" मला गावच धड माहीत नव्हतं, म्हणून दोन घरांतून परत फिरावं लागलं. तिसऱ्या घरच्या गुरुजींनी त्या आडनावाची सिन्नर तालुक्यातली तीन गावं सांगितली आणि तिन्हींची पानं उलगडली. जुनी पानं मोडीत होती. गुरुजी भराभर वाचत गेले आणि मी लिहून घेत गेले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, तेव्हा उतरवलेल्या नावाच्या शुद्धलेखनावर भरवसा टाकू नका. वर्षं शकात असतात. त्यात ७८ मिळवायचे. पौष-माघ-फाल्गुनातली नोंद असेल तर बहुधा ७९.

शके १८५२ला, म्हणजे १९३०मध्ये, पणजीचे वडील आईच्या अस्थी घेऊन आले होते. स्वतःचं, भावांचं, पुतण्यांचं, दोन मुलांचं नाव त्यांनी लिहवून घेतलं होतं. खाली सही होती, आणि अक्षर चांगलं होतं. पणजीचं नाव मात्र नव्हतं. ती तेव्हा लग्न होऊन गेलेली होती. "लेकी त्यांच्या सासरच्या वहीत असतात, ताई," गुरुजी म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि त्यांच्या हिशेबानं ते बरोबरही आहे. सासरच्या वहीत ती सापडेल, पण सासरच्याच नावानं. म्हणजे मी फिरून तिथंच आले. तरी हा फेरा फुकट गेला नाही, कारण गाव आणि वडिलांचं पूर्ण नाव हाती आलं. पुढं सगळे कागद याच दोन गोष्टी मागतात. दक्षिणा आपल्या मनानं द्यावी. फोटो काढायचा तर आधी विचारावं.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी तालुक्याला गेले आणि दाराला कुलूप. शनिवार! सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २०२०पासून आहे, हे मला माहीत होतं. मग गोंदेश्वराचं देऊळ पाहिलं (बरं झालं, एरवी राहूनच गेलं असतं) आणि गावात गेले. देवळाच्या पारावर बसलेल्या एका आजींनी "तू कुणाची गं?" असं विचारलं. पणजोबांचं नाव सांगून त्यांना काही उमगेना. पणजीच्या भावाचं नाव घेतल्यावर लगेच "मग वरल्या आळीतली!" गावात माहेरवाशिणीची ओळख भावावरून पटते, तेव्हा मामांची नावं घरून विचारून निघा.

सोमवारी तालुक्याच्या कचेरीतली रेकॉर्ड रूम. गावचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर म्हणजे गाव नमुना १४. 'कोतवाल बुक' म्हटलं की चटकन कळतं. १९१४च्या पानावर वडिलांचं नाव, जात, तारीख आणि पुढं नुसतं 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली असणार.

ती नावानिशी सापडली ती फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणाऱ्या नोंदीत. वडील १९५८ला वारले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं लेकी वारस झाल्या होत्या, त्यामुळे तलाठ्याला त्यांची नावं लिहावीच लागली. विधवेचं, दोन मुलांचं आणि मग तीन मुलींचं नाव होतं. पणजीच्या नावापुढं 'भ्र.' लावून पणजोबांचं नाव आणि 'हल्ली राहणार' आमचं गाव. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. आणखी जुन्या कागदात 'कोम' आढळेल, त्याचा अर्थ अमक्याची बायको. लिहिणाऱ्यानं माहेरचंच नाव घातलं होतं: गोदावरी. लगेच पुढच्या फेरफारात तिघींनी भावांच्या लाभात हक्क सोडला. तिचं नाव कागदावर आलं ते सोडण्यापुरतं. तुमच्या घरातल्या बाया शोधायच्या असतील तर वारस नोंद आणि हक्कसोड हेच दोन कागद आधी काढा, वंशावळ मागाहून.

जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर पुष्कळसे चढलेत, तेव्हा निघण्याआधी घरबसल्या बघा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून दोन्ही टिपून ठेवा. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर हेळव्यांनाही विचारा. कुळी सांगणं हा त्यांचा पिढीजात धंदा.

नक्कल मागताना फेरफारासोबतचा जबाबही मागा. पणजीच्या जबाबाखाली 'निशाणी डावा अंगठा' आहे आणि शाईत रेघा स्वच्छ उठल्यात. झेरॉक्समध्ये त्याचा नुसता काळा डाग येतो. मूळ पान समोर असेल तेव्हाच नीट बघून घ्या.